हातभर हुमणी : एका फलकाच्या आकलनाचे प्रकरण

करवीर तालुक्यातील एका गावात, दूध संस्थेच्या संकलन केंद्राबाहेरच्या भिंतीवर, उसाची मुळे खाणाऱ्या हुमणी या किडीच्या नियंत्रणाविषयीचा एक छापील फलक लावलेला होता. मानसशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीने आपल्या लघुशोधप्रबंधासाठी हाच फलक निवडला, कारण तिला प्रयोगशाळेतील रेघा आणि वर्तुळे दाखवून माणसांची दृष्टी तपासण्यापेक्षा, लोक रोज येता-जाता जे चित्र पाहतात ते त्यांना नेमके कसे दिसते, हे पाहायचे होते. मी कोल्हापूर शहरात उपयोजित कला शिकवतो. विषय चित्राचा असल्यामुळे सहमार्गदर्शक म्हणून मला त्यात ओढले गेले, आणि पुढे जे घडले त्यातील पहिल्या चुकीवर माझीही सही आहे, हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे.

फलक चार फूट रुंद आणि तीन फूट उंच होता. वरच्या पट्टीत मान्यवरांची छायाचित्रे होती. मधोमध भिंगाच्या वर्तुळात हुमणीची अळी जवळजवळ हातभर लांब काढलेली होती. खालच्या बाजूला जमीन उभी कापल्याप्रमाणे दाखवून उसाचे एकच बेट (म्हणजे एका बुडातून फुटलेल्या उसांचा झुपका), त्याची मुळे आणि मुळांशी बसलेल्या छोट्या अळ्या रेखाटल्या होत्या. उजवीकडे अंडी, अळी, कोष आणि भुंगेरा अशा चार अवस्था बाणांनी जोडून वर्तुळात मांडल्या होत्या, तर डावीकडे कडुनिंबाच्या फांदीवर भुंगेरा बसलेला असून त्या संपूर्ण चित्रावर लाल फुली मारली होती. छपाई चांगली होती आणि रंगही उठावदार होते. चित्रकाराने काम मनापासून केले होते, हे कोणालाही मान्य करावे लागले असते.

हा फलक नीट वाचला जाणे का महत्त्वाचे, हे हुमणीच्या वागण्यातच आहे. मे-जूनमध्ये वळवाचे पाऊस पडले की जमिनीतील भुंगेरे तिन्हीसांजेला बाहेर पडतात, कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर बसून पाला खातात, तेथेच त्यांचे मीलन होते आणि पहाटेपूर्वी ते पुन्हा जमिनीत शिरतात. मादी मातीत अंडी घालते, त्यातून निघालेली अळी आधी मातीतील कुजके सेंद्रिय पदार्थ खाते आणि मोठी झाल्यावर उसाच्या मुळांकडे वळते. ऊस पिवळा पडून वाळू लागतो तेव्हा अळी मोठी झालेली असते आणि इलाज महाग व अवघड होतो. त्यामुळे खरा मोका पहिल्या पावसानंतरच्या त्या थोड्या संध्याकाळीच असतो; सगळ्या गावाने मिळून झाडांवरचे भुंगेरे पाडून नष्ट केले किंवा प्रकाश सापळे लावले, तर पुढचे नुकसान पुष्कळ टळते. वर्षातून एकच पिढी होत असल्याने हा मोका हुकला की वर्षभर थांबावे लागते.

पहिल्या फेरीत विद्यार्थिनीने संध्याकाळी दूध घालायला येणाऱ्यांना एकेक करून फलकासमोर उभे केले आणि चार प्रश्न विचारले : चित्रातली अळी केवढी आहे, ऊस कशावर उभा आहे, हे प्राणी कोणत्या क्रमाने बदलतात, आणि लाल फुलीचा अर्थ काय. उत्तरांपुढे ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ असे लिहायचे होते. बहुतेकांनी अळीची लांबी विचारल्यावर दोन्ही हात पसरून फलकावरचे माप दाखवले. ऊस कशावर उभा आहे, याला ‘चरीच्या काठावर’ आणि ‘विहिरीच्या थडीवर’ अशी उत्तरे आली. क्रम सांगताना जो तो वेगळीकडून सुरुवात करत होता. तक्ता ‘चूक’ या शब्दाने भरला. वाढवून दाखवलेल्या चित्राचे प्रमाण आणि उभ्या छेदाची चित्रपद्धती ग्रामीण प्रेक्षकाला अवगत नाही, असा निष्कर्ष आम्ही दोघांनी मिळून लिहिला, आणि त्याला आधार म्हणून विल्यम हडसन यांचा दाखलाही जोडला.

हडसन यांचे काम दक्षिण आफ्रिकेतील असून ते १९६० मध्ये प्रसिद्ध झाले. भाला रोखलेला शिकारी, जवळ हरिण आणि लांब टेकडीवर लहान काढलेला हत्ती, अशी साधी रेखाचित्रे दाखवून, शिकाऱ्याला जवळचे कोण, असे ते विचारत. कागदावर हत्तीची आकृती शिकारी आणि हरिण यांच्या मधे येत असे. ज्यांनी हत्ती जवळ असल्याचे सांगितले, त्यांना चित्रातील खोली दिसत नाही असे धरले गेले. हा प्रयोग पुढे अनेक वर्षे पाठ्यपुस्तकांतून शिकवला गेला. त्यातून निघणारा सोयीचा अर्थ असा की चित्र बरोबरच असते आणि कमी पडते ते पाहणाऱ्याकडून. आम्हीही तोच अर्थ उचलला होता.

मला स्वतःला हा निष्कर्ष खटकायला हवा होता, कारण मी ज्या शहरात शिकवतो तेथील माणसांना चित्रातली खोली नवी नाही. बाबूराव आणि आनंदराव पेंटर यांनी नाटक कंपन्यांसाठी रंगवलेले पडदे याच मातीतले. सपाट कापडावर महालाचे लांबच लांब दालन किंवा आत आत जाणारा रस्ता दाखवणारी ही कला बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्याही आधीपासून इथे रुजलेली होती. आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थाच्या परिसराची निसर्गचित्रे रंगवली, त्यालाही शंभर वर्षे होत आली. जत्रेतल्या तंबू थिएटरात पडद्यावर घोडदौड पाहत मोठ्या झालेल्या पिढीला चित्रातले लांब-जवळ कळत नाही, हे म्हणणे तपासाशिवाय कागदावर उतरायला नको होते. पण भरलेल्या तक्त्याची जरब मोठी असते.

तक्त्याला पहिला तडा गेला तो ऑगस्टच्या एका संध्याकाळी. ज्यांच्या नावापुढे ‘चूक’ लिहिले होते असे एक वयस्कर शेतकरी, ज्यांना सगळे गाव आबा म्हणते, दूध घालायला आले ते मूठ बंद करूनच. रानात पिवळे पडलेले उसाचे बेट उपटून त्यांनी त्याच्या बुडातून एक अळी काढून आणली होती. त्यांनी मूठ उघडली तेव्हा ती तळहातावर बाक घेऊन पडली होती : अंग मळकट पांढरे, डोके तांबूस तपकिरी आणि कडक, डोक्यामागे पायांच्या तीन जोड्या, आणि पोटातली माती आरपार दिसत असल्यामुळे शेपटाकडचा भाग काळसर. तिची लांबी बोटाच्या दोन पेरांएवढी होती. ‘‘आता हिला माप, पोरी,’’ ते म्हणाले. विद्यार्थिनीने विचारले, ‘‘मग आबा, त्या दिवशी तुम्ही हातभर का सांगितलंत?’’ त्यावर ते म्हणाले, ‘‘तू चित्रातली केवढी म्हणून इचारलंस की. चित्रातली हातभरच हाय. रानात येवढी हुमणी असती, तर नांगरामागं बगळा आला असता व्हय?’’

आमचा प्रश्न पुन्हा वाचला. ‘चित्रातली अळी केवढी आहे?’ या वाक्याला मराठीत दोन अर्थ आहेत. चित्र जिचे आहे ती अळी केवढी, हा आमच्या मनातला अर्थ. चित्रात ती केवढी काढली आहे, हा शब्दांतून सरळ निघणारा अर्थ. आबांनी दुसऱ्या अर्थाचे उत्तर दिले होते आणि ते मापून दिले होते. हडसन यांच्या प्रश्नातही हीच फट होती, असे आता वाटते. ‘जवळ’ म्हणजे कागदावर जवळ की दाखवलेल्या रानात जवळ, हे विचारणाऱ्याला स्पष्ट असते, पण ऐकणाऱ्याला ते ताडावे लागते.

प्रश्नाने पाहणे बदलते, ही बाब चित्र-आकलनाच्या अभ्यासात चांगलीच पक्की झालेली आहे. आपल्या डोळ्याच्या मध्यभागी जो लख्ख दिसणारा टापू असतो तो जेमतेम दोन अंशांचा, म्हणजे हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीएवढा. सहा फुटांवरून फलक पाहणाऱ्याला एका वेळी त्यातला चार बोटांइतकाच भाग स्पष्ट दिसतो. बाकीचे चित्र तो सेकंदाला तीन-चार उड्या मारणाऱ्या नजरेने वेचून उभे करतो. नजर कुठे उडी मारेल हे पुष्कळसे मनातल्या प्रश्नावर ठरते. रशियन संशोधक आल्फ्रेड यार्बुस यांनी डोळ्यावर बसणाऱ्या चिमुकल्या चोषक टोपीला आरसा लावून नजरेच्या या वाटा टिपल्या होत्या. हद्दपारीतून अचानक घरी परतलेल्या माणसाचे, इल्या रेपिन यांनी रंगवलेले चित्र त्यांनी एकाच व्यक्तीला पुन्हा पुन्हा दाखवले आणि दर वेळी प्रश्न बदलला. घरातील माणसांची वये विचारली तेव्हा नजर चेहऱ्यांवर फिरली, आर्थिक स्थिती विचारली तेव्हा ती वस्तूंकडे आणि कपड्यांकडे गेली. त्यांचे पुस्तक १९६७ मध्ये इंग्रजीत आले, आणि त्यातल्या त्या रेघांच्या जाळ्या आजही या विषयाच्या पहिल्याच तासाला दाखवल्या जातात. मी त्या कितीदा तरी दाखवल्या आहेत. तरीही आमच्या प्रश्नावलीकडे मी त्या नजरेने पाहिले नव्हते.

आबांच्या त्या भेटीत आणखी एक गोष्ट निघाली, जी माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणातील सर्वांत मोलाची आहे. फलकावर अळी एवढी मोठी का काढली असावी, असे विचारल्यावर ते क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले, ‘‘डिजिटलवर ज्याचा फोटो मोठा, तो मालक. हितं मालक हुमणी हाय.’’ कोल्हापुरात छापील कापडी फलकाला डिजिटल म्हणतात, आणि वाढदिवस, निवड, यात्रा, कुस्त्यांचे मैदान यांपैकी कोणतेही निमित्त डिजिटलशिवाय पार पडत नाही. त्या फलकांची एक शिस्त आहे : नेता कमरेपासून वर आणि भला मोठा, त्याच्या खालचे पुढारी त्याच्या निम्मे, आणि तळाला शुभेच्छुकांच्या पासपोर्टएवढ्या चेहऱ्यांची रांग. यात लहान म्हणजे लांबचा असे कोणी समजत नाही. लहान म्हणजे मानाने खालचा. मंदिरातल्या जुन्या भित्तिचित्रांतही देव मोठा आणि भक्त छोटा असतो, आणि तेही कोणी शरीराचे माप म्हणून वाचत नाही. म्हणजे आकाराचा अर्थ लावण्याची एक पक्की, रोजच्या सरावातली रीत या प्रेक्षकाजवळ होती. आमच्या फलकात भिंगाची रीत आणि डिजिटलची रीत एकाच चौकटीत आल्या होत्या, आणि वरच्या पट्टीतील मान्यवरांनी तर डिजिटलच्या रीतीकडे बोट दाखवूनच ठेवले होते. आबांनी अळीला कार्यक्रमाचा मालक ठरवले, हे आकलन चित्रकाराच्या हेतूला धरूनच होते, पण आमच्या तक्त्यात त्यासाठी रकानाच नव्हता.

मग उभ्या छेदाचा प्रश्न पुन्हा उघडला. मानसशास्त्रज्ञ यान देरेगोव्स्की यांनी हडसन यांच्या चित्रांची फेरतपासणी करताना एक साधी युक्ती वापरली होती. चित्र दाखवून तोंडी उत्तर मागण्याऐवजी त्यांनी काड्या आणि मातीचे गोळे देऊन रेखाकृती प्रत्यक्ष बांधायला सांगितली, आणि हडसन यांच्या चाचणीत ज्यांना खोली दिसत नाही असे ठरले होते त्यांच्यातल्या काहींनी लांबी-रुंदीबरोबर खोलीही असलेली रचना उभी केली. दुसऱ्या फेरीत आम्ही पाटाच्या कडेची ओली माती आणि पाचटाच्या काड्या घेतल्या आणि ‘या चित्रात जे आहे ते करून दाखवा’ एवढेच सांगितले. ज्या मावशींनी फलकावरचा ऊस विहिरीच्या थडीवर असल्याचे सांगितले होते, त्यांनी मातीचा ढीग करून तो खुरप्याने सरळ उभा कापला, कापलेल्या अंगावर मुळ्यांसाठी काड्या खोचल्या आणि त्यांच्याजवळ ज्वारीचे दाणे अळ्या म्हणून बसवले. विहीर खणताना, चर काढताना जमिनीचा उभा काप त्यांनी आयुष्यभर पाहिलेला होता. ‘विहिरीची थड’ हे त्या कापाचे त्यांच्या बोलीतले नाव होते. इतक्यावर न थांबता त्यांनी शेजारी आणखी चार बेटे उभी केली. कारण विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘एका बेटाला कुटं थांबतीया ती? सरीनं म्होरं जाती.’’ अळी मुळे खात ओळीने पुढच्या बेटाकडे सरकते, हे खरेच आहे आणि फलकावर एकच बेट काढल्यामुळे तेच दिसत नव्हते. तपासायला गेलो होतो प्रेक्षकाला, आणि तपासले गेले चित्र.

इथे एक सावधगिरीचा मुद्दा नोंदवला पाहिजे. दुसऱ्या फेरीतल्या सुधारलेल्या उत्तरांवर आम्ही फार खूश होणेही बरोबर नव्हते. मानसशास्त्रज्ञ मार्टिन ऑर्न यांनी १९६२ मध्ये दाखवून दिले की प्रयोगात भाग घेणारा माणूस प्रयोग करणाऱ्याला काय हवे आहे याचा सतत अंदाज घेत असतो आणि आपले वागणे त्याला जुळवून घेतो. आमच्याकडे हा अंदाज उघडपणे घेतला जात होता. ‘‘तुमास्नी काय पायजे ते सांगा, तसं लिवून टाकू,’’ असे सांगणारे एकटे-दुकटे नव्हते. शहरातून आलेल्या, हातात फाइल असलेल्या मुलीला निराश करू नये, या सौजन्याचाही त्यात मोठा वाटा असणार. म्हणून तिसऱ्या फेरीत प्रश्न विचारण्याचे काम दूध संस्थेत फॅट मोजणाऱ्या, गावातल्याच तरुणाकडे दिले आणि विद्यार्थिनी आत मापाच्या टेबलामागे बसून राहिली. प्रश्नही एकच ठेवला : ‘‘हे बघून तुम्ही रानात काय कराल, आणि कधी?’’

या प्रश्नाने फलकातले दोन खरे दोष उघडे पडले. पहिला लाल फुलीचा. फुली भुंगेऱ्यावर होती की फांदीवर, हे चित्रातून ठरत नव्हते, कारण ती दोन्हींवरून गेली होती. कोणी ‘भुंगेरा मारा’ असे वाचले, कोणी ‘कडुनिंबावर फवारू नका’ असे, आणि बांधावरच्या सावलीने ऊस दबतो अशी आधीपासून तक्रार असलेल्या एकाने ‘कडुनिंब तोडा’ असे. नकाराची खूण नेमके काय नाकारते, ही चिन्हांच्या आकलनातली जुनी अडचण आहे. अमेरिकेतील सुरक्षा चिन्हांच्या झेड ५३५.३ या मानकात चिन्ह स्वीकारण्यासाठी ८५ टक्के बरोबर उत्तरांची अट तर आहेच, पण उलट आणि घातक अर्थ लावणाऱ्यांचे प्रमाण ५ टक्क्यांहून जास्त असता कामा नये, अशी वेगळी अटही आहे. ‘कळले नाही’ आणि ‘उलटे कळले’ यांत असा फरक करणे अगदी रास्त आहे. ज्याला फलक कळला नाही तो घरी जाऊन शेजाऱ्याला विचारेल, ज्याला उलटा कळला तो कुऱ्हाड घेऊन बांधावर जाईल. आमच्या पहिल्या तक्त्यात हे दोघे ‘चूक’ या एकाच रकान्यात शेजारी शेजारी बसले होते.

दुसरा दोष वर्तुळाचा. जीवनचक्र वर्तुळात काढायचे हे पाठ्यपुस्तकी वळण आहे आणि जीवशास्त्राच्या दृष्टीने ते चूक नाही, पण वर्तुळाला सुरुवात नसते आणि शेतकऱ्याला नेमकी सुरुवातच हवी असते. फलकावर सर्वांत वर कोष होता, म्हणून बरेच जण कोषापासून वाचत. अवस्थांखाली दिवसांचे आकडे होते, महिना किंवा नक्षत्र कुठेच नव्हते. ‘कधी’ या प्रश्नावर त्यामुळे शांतता पसरत होती. त्याच माणसांना चित्र बाजूला ठेवून विचारले की पहिला पाऊस पडल्यावर दिव्याभोवती काय येते, तर उत्तर तत्काळ येत होते.

सुधारित फलकात वर्तुळ काढून टाकले आणि त्याजागी डावीकडून उजवीकडे जाणारी एक पट्टी आली. तिची सुरुवात वळवाच्या ढगाने आणि तिन्हीसांजेच्या कडुनिंबाने होते आणि खाली रोहिणी, मृग अशी नक्षत्रे लिहिली आहेत. फुली गेली, तिच्याऐवजी झाडाची फांदी हलवणारी, खाली चादर धरलेली माणसे आणि शेजारी रॉकेलमिश्रित पाण्याचे घमेले आले. उसाची बेटे एकाची पाच झाली. मान्यवरांची पट्टी काढावी ही माझी सूचना मात्र मान्य झाली नाही, आणि ती मान्य होणार नाही याची मला कल्पना होती. भिंगाच्या वर्तुळाऐवजी आबांचा तळहात आला, त्यांच्या परवानगीने काढलेल्या छायाचित्रासह. तळहात छापल्यावर दीड फुटाचा झाला, पण तो कोणालाही राक्षसाचा वाटला नाही. हात केवढा असतो हे प्रत्येकाला ठाऊक असल्यामुळे अळीचे माप त्यातच आले.

शेवटच्या फेरीत या तळहातानेच नवा पेच टाकला. ‘काय कराल?’ या प्रश्नावर अनेकांनी, आम्ही कुठेही तसे सुचवलेले नसताना, ‘‘हुमणी हातानं वेचायची,’’ असे उत्तर दिले. आंतरमशागतीच्या वेळी उघड्या पडलेल्या अळ्या गोळा करून नष्ट करणे हा शिफारस केलेलाच उपाय आहे, तेव्हा रानासाठी हे उत्तर बरोबर होते. पण चित्राचा तो हेतू नव्हता, तेव्हा आकलनाच्या मोजणीत ते बरोबर धरता येत नव्हते. मी ते ‘बरोबर’मध्ये टाकायला सांगितले. विद्यार्थिनीने ऐकले नाही. तिने ते वाक्य प्रत्येकाच्या तोंडचे जसेच्या तसे नोंदवून त्यापुढचा रकाना मोकळा ठेवला, आणि तोंडी परीक्षेत बहिःस्थ परीक्षकांनी पहिले बोट त्या मोकळ्या रकान्यांवर ठेवले.